टॉवरखाली बसून

“टॉवरखाली बसून रेंज नाही म्हणतेस?” देवकाते सर फोनवर म्हणाले. “विहिरीत बसून घसा कोरडा पडल्याची तक्रार झाली ही, तनुजा.”

“सर, रेंज आहे. फोटो जात नव्हते.”

“म्हणजे रेंज आहे.”

“आहे, पण…”

“मग विषय संपला. वेळ एकची होती. तुझा पेपर आला चारला. मधल्या वेळात काय केलंस ते तुला माहीत आणि मला माहीत. मी शेरा लिहून साताऱ्याला कळवलाय. उद्या संध्याकाळी पाचला तिथं यादी पक्की होईल.”

“काय शेरा लिहिलाय, सर?”

“‘मदत घेतल्याचा संशय.’ सभ्य भाषेत लिहिलंय, आभार मान.”

फोन कट.

मी खरोखरच टॉवरखाली बसले होते. आमच्या भावकीच्या पडीक रानात तो उभा आहे, त्याच्या तारेच्या कुंपणाला पाठ टेकून. डोक्यावर तो लाल-पांढरा सांगाडा आणि फोनवर रेंजच्या पाचच्या पाच काड्या. मी सातवीत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चोर म्हटलं होतं, आणि मी त्याचे आभार मानायचे होते.

कोरोनाचं दुसरं वर्ष नुकतंच लागलं होतं, आमची शाळा बंद. घाटाखालच्या हायस्कुलातून मी आणि आणखी काही मुलांनी साताऱ्याच्या निवासी विज्ञान शाळेची प्रवेश परीक्षा दिली होती. तिथं राहायचं, खायचं, खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं. मला ती शाळा इतकी हवी होती की मी झोपेत साताऱ्याचा पत्ता बडबडायचे, असं आई सांगते. प्रश्न सकाळी अकराला फोनवर आले. साधा टाइप केलेला मेसेज होता, कसाबसा उतरला. मी कागदावर उत्तरं लिहिली आणि साडेबारालाच फोटो काढून देवकाते सरांना पाठवले. म्हणजे पाठवायला लावले. ते गोल चक्र फिरत राहिलं. फिरत राहिलं. मी फोन घेऊन माळावर पळाले, टॉवरखाली गेले, फोन बंद करून चालू केला, वाघजाईला नवस बोलले. फोटो गेले ते चारच्या सुमारास, आपल्या मर्जीनं.

घरी येईपर्यंत सरांनी ग्रुपवर मेसेज टाकलासुद्धा. “काही विद्यार्थिनींना परीक्षा म्हणजे घरचा अभ्यास वाटतो. त्यांनी आपल्या आईवडिलांचा तरी विचार करावा.” नाव नव्हतं. परीक्षेला मुलगी मी एकटीच होते.

हा मेसेज बाकी झटकन आला, बरं का.

“काय झालं गं?” कोनाड्यातून पप्पांनी विचारलं.

पप्पा कोनाड्यात नव्हते, वाशीला होते. कोनाड्यात आईचा बटणांचा फोन होता, मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आमच्या कारवंड्यात तेव्हा धडधाकट पुरुष दिसला तर तो सुट्टीवर आलेला असायचा. बाकी सगळे वाशीच्या मार्केटात माथाडी. त्यामुळं घरोघरी अशी पद्धत पडली होती. महिन्याचं पॅक मारायचं, कितीही बोला. दुपारी बायका रानातून घरी आल्या की नवऱ्याला नाहीतर लेकाला फोन लावायच्या, स्पीकर चालू करायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. बोलणं असं काही नसायचं. इकडून भाकरी थापल्याचा आवाज जायचा, तिकडून हातगाड्यांचा आणि “बाजू, बाजू” असा ओरडा यायचा. पप्पांचा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. कांद्याची गोण पाठीवर घेताना त्यांचा श्वास कसा जड होतो, ते मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. ह्याला आमच्याकडं ‘लाईन धरणं’ म्हणत.

मी सगळं सांगितलं. रडत नाही, ओरडत.

“नंबर दे मास्तरचा,” पप्पा म्हणाले. “मी बोलतो.”

“तुम्ही काय बी बोलू नका,” आई म्हणाली. “तुम्ही शिव्या द्याल, मग पोरगी गेलीच कामातनं.”

“मग काय ऐकून घ्यायचं?”

“ऐकून घ्यायचं न्हाई. पण शिव्या बी द्यायच्या न्हाईत.”

आता राहिलं काय, ते दोघांनाही सुचलं नाही.

मला सुचलं. कराडला माझा मामेभाऊ विक्रांतदादा आहे. त्यानं ह्याच विषयातला डिप्लोमा केलाय आणि घरातल्या प्रत्येक लग्नात तो टॉवरविषयी बोलून लोकांना पळवून लावतो. त्याला फोन लागायलाच मला तासभर बटण दाबत बसावं लागलं.

“दादा, पाच काड्या असताना फोटो का जात नाही? एका वाक्यात सांग.”

“एका वाक्यात नाही येणार.”

“मग दोन वाक्यांत सांग, पण लग्नातल्यासारखं नको.”

तो हसला. “काड्या म्हणजे तुझ्या फोनला टॉवर दिसतोय, एवढंच. स्टँडवर एसटी उभी दिसली म्हणजे तुला जागा मिळाली का?”

“नाही.”

“तुमचा टॉवर जुना आहे. मोबाईल निघाला तो नुसता बोलण्यासाठी. फोन लागला की गाडीतली एक जागा तुमची. बोला नाहीतर गप्प बसा, जागा तुमचीच. रुमाल टाकून धरल्यासारखी.”

“बरं.”

“मग लोकांना फोटो पाठवायचे, मेसेज पाठवायचे झाले. त्याला कशाला अख्खी जागा? म्हणून युक्ती काढली. फोटोचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, फट दिसेल तिथं कोंबायचे आणि पलीकडं पोहोचले की जोडायचे. पार्सलासारखं. पण हे सगळं सुरू केलं जुन्याच गाडीत. मग तिथं नियम काय? माणूस आधी. पार्सल उरल्या जागेत.”

“आणि जागा उरलीच नाही तर?”

“तर पार्सल स्टँडवर.”

“मग कराडला कसं पटकन जातं?”

“इथं गाडीच बदलली ना. आता नव्या गाडीत बोलणंसुद्धा तुकडे करून जातं. तू गप्प बसलीस तर तुझी जागा तेवढ्यापुरती दुसऱ्याला. कुणाचा रुमाल नाही, काही नाही. तुमच्या डोंगरात कंपनीनं जुनी गाडी ठेवलीय. माणसं थोडी, नवी परवडत नाही म्हणतात.”

“पॅकचे पैसे मात्र तेवढेच घेतात.”

“घेतात,” दादा म्हणाला.

“दादा, आमच्या टॉवरवर जागा किती असतील?”

“बारका टॉवर. असतील सात-आठ.”

मी ओट्यावर उभी होते. समोर सगळं गाव दिसत होतं. घरोघरी दिवेलागणीचा धूर, आणि प्रत्येक घरातून येणारे ते दोन दोन ठिकाणचे आवाज, अर्धे इथले, अर्धे वाशीचे. सात-आठ जागा. त्यावर रुमाल कुणी टाकलेत, ते मला अगदी स्वच्छ दिसलं. पहिला रुमाल आमच्याच कोनाड्यात होता.

आता मला एकाच वेळी सरांचा, कंपनीचा आणि आईचा राग आला. पैकी आई जवळ होती.

“तुमच्यामुळं गेली माझी शाळा.”

“माझ्यामुळं?”

“तू लाईन धरतेस. जिजी धरते. सोनाकाकी धरते. सगळ्या धरता. आणि बोलत तर काहीच नाही. बोलायचं नाही तर कट करायचा ना फोन.”

आईनं भाकरी परतली. “बोलायचं काय रोज रोज. असतात ते तिथं, एवढं कळतं.”

“एवढं कळण्यासाठी माझा पेपर अडला.”

“तनू,” कोनाड्यातून पप्पा म्हणाले, “मी ठेवतो फोन. उद्यापासनं लावूच नका.”

“ठेवून तर बघा,” आई कोनाड्याकडं बघून म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “एकदा कट केला की परत लागत न्हाई गं. मग दोन दोन तास नुसती बाई बोलती, सर्व मार्ग व्यस्त आहेत म्हणून. म्हणून धरून ठेवायचा.”

“परत लागत नाही, कारण सगळ्या धरून ठेवता.”

तव्यावरची भाकरी करपली, आणि आईची भाकरी कधी करपत नाही.

मी सरांना परत फोन लावला. माझ्या अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक. त्याआधी मी वर्गात पाणी प्यायला जायचं विचारतानासुद्धा शेजारणीला कोपर मारून तिला विचारायला लावायचे.

“सर, उद्या तुम्ही आमच्याकडं स्वाध्यायाची पुस्तकं वाटायला येणार आहात ना? दुपारी या. टॉवरखाली बसा, आणि तुमच्या फोनवरून एक फोटो पाठवून दाखवा. गेला, तर मी माझ्या हातानं लिहून देते की मी कॉपी केली.”

सर म्हणाले, “सही करावी लागेल.”

“करते. आणि नाही गेला तर तुम्ही शेरा काढायचा.”

“ठीक आहे,” सर म्हणाले. हरण्याची तयारी असलेल्या माणसाचा आवाज तो नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टाकीवर गेले. तिथं सगळ्या भेटतात. मी काय झालं ते सांगितलं, आणि एसटी, रुमाल, पार्सल, सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“म्हंजे आमी रुमाल टाकतो व्हय,” सोनाकाकी कळशी विसळत म्हणाली.

“हो.”

“आन् मास्तर तुला काय म्हनला म्हनालीस?”

“चोर. सभ्य भाषेत.”

सोनाकाकीनं कळशी खाली ठेवली. “आमच्या पोरीला? त्येची गाडी वर चढती तवा आमीच दगड लावतो मागं चाकाला. काय करायचं सांग.”

“दुपारी नेहमीसारख्या लाईनी धरा. सरांना बघू दे. मग मी वाघजाईच्या देवळातली घंटा वाजवीन. घंटा ऐकली की सगळ्यांनी एकदम कट करायचा. थोडाच वेळ.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. थोडाच वेळ म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं. मग माझी आई, जी कालपासून माझ्याशी धड बोलली नव्हती, ती हंडा डोक्यावर घेता घेता म्हणाली, “मी करते कट.” झालं. एकेक करून सगळ्या हो म्हणाल्या.

एक सोडून.

जिजी टाकीवर येत नाही, तिचे गुडघे धरलेत. मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसलेली. शेजारी पितळी तांब्या, आणि तांब्यात उभा ठेवलेला फोन, आवाज मोठा यावा म्हणून. तांब्यातून घोरणं ऐकू येत होतं. तिचा मुलगा सदादादा. तो पप्पांच्याच खोलीत राहतो, पण रात्रपाळीला असायचा, म्हणून दिवसा झोपायचा.

“मी न्हाई कट करायची,” माझं सगळं ऐकून झाल्यावर जिजी म्हणाली.

“जिजी, घटकाभर फक्त.”

“न्हाई.”

“तो झोपलाय. त्याला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळंल.”

“अगं, माझी शाळा जाईल.”

“तुझी शाळा जाईल त्येचं मला वाईट वाटंल,” जिजी म्हणाली आणि तांब्या आपल्याकडं ओढून घेतला. “पर मी न्हाई कट करायची.”

मी इतकी तणतणत बाहेर पडले की तिची कोंबडी घाबरून कौलावर जाऊन बसली. एवढी म्हातारी बाई आणि एवढी स्वार्थी. एका माणसाचं घोरणं ऐकायला एक अख्खी जागा. मी मनात म्हटलं, वापर तुझा रुमाल, बाकीच्या जागा तरी मोकळ्या होतील.

सर साडेतीनला आले. चाकामागं दगड कुणी लावला नाही, त्यामुळं शेवटच्या चढावर त्यांनी मोटारसायकल ढकलतच आणली. पुस्तकांचा गठ्ठा ओट्यावर टाकला, मास्क हनुवटीवर ओढला आणि टॉवरखाली कुंपणाजवळच्या दगडावर बसले. मी शेजारी उभी. आई आणि सोनाकाकी थोड्या लांब उभ्या.

“हे बघ, पाच काड्या,” सर म्हणाले.

“दिसतात, सर.”

त्यांनी टॉवरचाच फोटो काढला आणि हायस्कुलाच्या शिपायाला पाठवला. चक्र फिरायला लागलं.

“जाईल आता.”

“हो, सर.”

चक्र फिरत होतं. सरांनी फोन डोक्यावर धरला. मग उजवीकडं धरला. मग उठून कुंपणाला एक फेरी मारली. सोनाकाकी आईला म्हणाली, “प्रदक्षिणा घाल म्हनावं, पावंल टावर.” आईनं तिला चिमटा काढला.

“फोटो मोठा असेल,” सर म्हणाले.

“बारका काढा, सर.”

त्यांनी बारका काढला. मग नुसता मेसेज लिहिला. ‘नमस्कार’. नमस्कारसुद्धा जाईना. चार वाजून गेले. माझ्या फोटोंना काल जे ऊन लागलं, तेच आज सरांच्या नमस्काराला लागत होतं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

“आज नेटवर्कला काहीतरी प्रॉब्लेम आहे,” सर अखेर म्हणाले. “काल नसेल.”

“काल होता, सर. रोज असतो. थांबा.”

मी पळत देवळात गेले आणि घंटेचा लोलक धरून असा काही दणका लावला की गुरवाचं कुत्रं केकाटत सुटलं. परत पळत आले, तोवर गावात एक विचित्र शांतता झाली होती. रोजची वाशी बंद झाली होती. हातगाड्या नाहीत, ओरडा नाही. नुसतं कारवंडे. मी असं गाव आधी कधी ऐकलं नव्हतं.

सरांच्या फोनवर चक्र थांबलं. एक बरोबरची खूण. मग दुसरी. मोठा फोटो गेला, बारका गेला, नमस्कार गेला.

“काय केलंस?” सर म्हणाले.

“गाडीत जागा केली, सर.” मी त्यांना कोनाड्यांबद्दल सांगितलं, लाईनी धरण्याबद्दल सांगितलं. सर ऐकत होते आणि फोनकडं बघत होते.

“योगायोगही असू शकतो,” ते म्हणाले.

मी भडकून पुढं सरसावले. तेवढ्यात आई पुढं आली. आई कधी परक्या पुरुषाशी तोंड वर करून बोलायची नाही, मास्तरांशी तर नाहीच.

“सर,” ती म्हणाली, “गावातल्या समद्या बायांनी आपापल्या माणसाचा फोन तोडलाय. वर्षात कधी तोडला न्हाई तो. योगायोगानं न्हाई तोडला. आमच्या पोरीला चोर म्हणायला तुम्हाला एक मेसेज लागला. तो बरा गेला योगायोगानं.”

सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. “शेरा काढतो,” ते म्हणाले. “आत्ता कळवतो साताऱ्याला. अजून वेळ आहे.”

ते टाइप करायला लागले. आणि तेव्हाच सोनाकाकीच्या घरात फोन वाजला. मग खालच्या आळीत वाजला. मग आमच्या. मग एकदम सगळीकडं.

कारवंड्यातल्या बायकांनी एकाच क्षणी फोन तोडले होते, आणि तिकडं वाशीत एकाच क्षणी सगळ्यांच्या खिशातलं गाव बंद पडलं होतं. काही न सांगता, काही न बोलता. कुणाला वाटलं दरड कोसळली, कुणाला वाटलं आग लागली. सगळं मार्केट काम सोडून गावाला फोन लावत बसलं होतं. घरांतून बायकांचे आवाज येत होते, “काय न्हाई झालं, बरी हाय मी,” आणि त्यांनी एक फोन ठेवला की दिराचा यायचा, दिराचा ठेवला की भाच्याचा.

सरांच्या फोनवर चक्र फिरत होतं.

“घंटा वाजव परत,” सर म्हणाले.

“वाजवून काय उपयोग, सर. आता ते लावतायत.”

सरांनी साताऱ्याला साधा फोन लावून पाहिला. बाई म्हणाली, सर्व मार्ग व्यस्त आहेत. परत लावला. बाई तेच म्हणाली. माझ्या फोनवरून लावला, तेच. घाट उतरून खाली रेंजमध्ये जायला तास लागतो, आणि पाच वाजायला तेवढा वेळ उरला नव्हता. पाचला तो शेरा माझ्या नावावर कायमचा बसणार होता. सगळं खरं ठरूनसुद्धा.

मी धपकन त्या दगडावर बसले. मला हे इतकं अन्यायाचं वाटलं की रडूही येईना. आणि तेव्हा, त्या सगळ्या घंट्यांच्या गोंधळात, मला एक आवाज आठवला जो बंद झालाच नव्हता.

“जिजी,” मी म्हटलं, आणि सरांचा हात धरून ओढतच निघाले. गुरुजनांना असं धरत नाहीत, पण माझ्या लक्षातच आलं नाही.

जिजी उंबऱ्यातच होती. तांब्यातून घोरणं येत होतं, तसंच, सकाळचंच.

“जिजी, सदादादाला उठव.”

“कशाला?”

“साताऱ्याला निरोप द्यायचाय. सगळ्या लाईनींवर नुसती घाबरगुंडी आहे, मधे निरोप कुणी ऐकून घेत नाही. तुझीच लाईन शांत आहे.”

जिजीनं माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. मग तांब्यात तोंड घालून म्हणाली, “सदा. ए सदा. ऊठ बाबा.” घोरणं थांबलं. जिजी चटकन ताठ झाली, तिनं श्वास रोखला. तांब्यातून खोकला आला, मग आवाज आला, “काय गं आये?” आणि मगच तिनं श्वास सोडला.

आई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, “त्याला कोरोना झाला तवा खोलीत एकटाच कोंडून होता. तुझ्या पप्पांना दुसरीकडं ठेवलेलं. दम लागायचा त्याला, ही हिकडनं श्वास ऐकत बसायची. एका दिवशी मधीच कट झाला, तो दुसऱ्या दिवशी लागला. त्या रातीत काय झालं तिचं, ते तिलाच ठाऊक. त्यानंतर तिनं कट न्हाई केला.”

मला हे कुणी आधी का सांगितलं नव्हतं? पण मी तरी कुठं विचारलं होतं.

“बोला, सर,” जिजी म्हणाली आणि तांब्या सरांपुढं सरकवला. “वाकून बोला. त्याला निजंतनं उठल्यावर कमी ऐकू येतं.”

देवकाते सर उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि तांब्यावर वाकले. तोवर अर्धं गाव अंगणात जमलं होतं, फोन कानाला लावूनच.

“हॅलो. मी देवकाते सर बोलतोय. तुमच्या फोनवरून एक मेसेज साताऱ्याला पाठवायचाय. नंबर घ्या.” नंबर दिला. “लिहा. उमेदवार तनुजा रांजणे हिच्याबाबतचा शेरा रद्द करावा.”

“कुणाबाबतचा?” तांब्या म्हणाला.

“तनुजा रांजणे.”

“आपल्या तनीचा? काय केलं तनीनं?”

“काही केलेलं नाही.”

“मोठ्यानं बोला, सर,” सोनाकाकी मागून म्हणाली. “त्याला ऐकू जाईना.” खरं तर त्याला व्यवस्थित ऐकू जात होतं.

“काही केलेलं नाही,” सर मोठ्यानं म्हणाले. “लिहा, विद्यार्थिनीने कोणाचीही मदत घेतलेली नाही. पेपर वेळेत लिहिला होता. उशीर नेटवर्कमुळे झाला. मी स्वतः जागेवर येऊन खात्री केली आहे. खाली माझं नाव घाला.”

“मदत घेतलेली नाही,” सदादादा एकेक शब्द पुटपुटत टाइप करत होता. “उशीर नेटवर्कमुळे. हां. गेला.”

“गेला?” सरांनी विचारलं. “लगेच?”

“वाशी हाय ही, सर. दोन खुणा आल्या. थांबा, उत्तर बी आलं. ‘नोंद घेतली. उद्या लेखी पाठवा.’”

अंगणात कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सोनाकाकी फक्त फोनमध्ये म्हणाली, “आवो, काय न्हाई. मास्तरनी कबूल केलं. काय ते घरी आल्यावर सांगते,” जशी काही काका संध्याकाळी घरीच येणार होते.

मी आता त्याच शाळेत दहावीत आहे, आणि हे हॉस्टेलच्या पलंगावर बसून लिहितेय. कारवंड्याला गेल्या वर्षी नवी गाडी आली. म्हणजे टॉवर तोच, आतलं सामान नवीन. आता कुणीही लाईन धरली तरी कुणाचं काही अडत नाही. आमची माणसं थोडी आहेत हे कंपनीला जेव्हा दिसत होतं, तेव्हाही आमचं पॅक पूर्ण पैशांचंच होतं, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊ द्यायचा माझा विचारही नाही.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलंय.

सर उठले, गुडघ्यांची माती झटकली. “झालं समाधान?” मला म्हणाले.

“नाही, सर.”

“आता काय राहिलं?”

“तुम्ही काल ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी वाचलं. हेही ग्रुपवर टाका.”

सरांनी फोन काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला.

“टाकतो ना. घरी गेल्यावर टाकतो,” ते म्हणाले. “इथनं कुठं जातंय?”

“काड्या किती आहेत, सर?” मी विचारलं.

सरांनी मास्क नाकावर ओढला. जिजीनं तांब्या उचलून मांडीवर घेतला, पदरानं आतला फोन पुसला आणि तांब्यात म्हणाली, “झालं बाबा मास्तरचं. तू नीज आता.”